दोघींची पोळी

शिंदखेड्याच्या त्या गल्लीत दिपमालाचं नाव निघालं की बाया हमखास म्हणायच्या, "सून असावी तर अशी." ते कानावर आलं की दिपमाला तिथून काढता पाय घ्यायची. आपण काय केलंय, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

ती जामनेरची. शिवणकामात हुशार, बोलायला फटकळ. सासू तानुबाई तिच्याहून फटकळ. त्यामुळे घरात भांड्यांपेक्षा त्या दोघींचाच आवाज जास्त. पण खापरावरच्या पुरणपोळीत तानुबाईचा हात धरणारं आसपासच्या गावांत कुणी नव्हतं. ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. पोळपाट-लाटण्यावर वाढलेल्यांनी या भानगडीत न पडलेलं बरं. लग्नसराईत तानुबाईला उसंत नसायची आणि त्याचा तोराही ती पुरेपूर मिरवायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. दिपमालाला भावाच्या साखरपुड्याला माहेरी जायचं होतं. सासूने एका लग्नातल्या पोळ्यांचं काम घेतलेलं, म्हणून ती सोडेना. रात्री दोघींचं कडाक्याचं वाजलं. सकाळी कणीक तिंबता तिंबता तानुबाई म्हणाली, "दिपमाला, मना डावा हात जड पडना वं."

दिपमालाला वाटलं, झालं नाटक सुरू. आता हात दुखतोय म्हणून मला अडकवणार. "पडा थोडं, वाटेल बरं," असं तोंडदेखलं म्हणून ती आत गेली, दार लोटलं आणि बहिणीला, कोकिळाला, फोन लावून सासूची गाऱ्हाणी सांगत बसली. मधेच बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो तिने ऐकला. मुद्दाम उठली नाही.

दुपारी तिचा नवरा नवल घरी आला तेव्हा तानुबाई जमिनीवर पडलेली होती आणि तोंड वाकडं झालं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" नवल शेजारीच उभा होता. दिपमाला म्हणाली, "आत्ताच, स्वयंपाक करताना." अर्धांगाच्या झटक्यात जितका उशीर तितकं नुकसान, हे तिला नंतर नर्सकडून कळलं. तानुबाईचा जीव वाचला, वाचा परतली, पायही हळूहळू चालू लागला. डावा हात मात्र कायमचा लुळा पडला. त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. गावाने आपलं ठरवून टाकलं, सुनेने धावपळ केली म्हणून म्हातारी वाचली.

घरी आल्यावर तानुबाई भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. भांडेना. दिपमालाला तेच जास्त झोंबायचं. म्हातारीचं जेवण दोन घासांवर आलं. "हात गया, मी बी गयी," एवढंच म्हणायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तानुबाईची मुलगी ज्योत्स्ना माहेरी येणार होती. तेव्हाही म्हातारीने सांगून टाकलं, औंदा खापर काढू नका. डॉक्टर नवलला म्हणाले, यांनी जगण्यातून मन काढून घेतलंय, हे असंच राहिलं तर उरलेलंही जाईल.

मग दिपमालाने कंबर कसली. मालिश केलं, व्यायाम करवले, लुळा हात गळ्यात बांधून बघितला. स्वतः पोळी करायला बसली, तर प्रत्येक पोळीच्या चिंध्या होऊन चुलीत पडायच्या. एका हाताने ही पोळी होत नाही आणि दिपमालाच्या दोन हातांनीही होत नाही, असा सगळा कारभार.

एके दिवशी ओलं लुगडं पिळायचं होतं. तानुबाईने उजव्या हाताने एक टोक धरलं, दुसरं दिपमालाने. पीळ नीट बसला, पाणी निथळलं. दिपमाला तशीच उभी राहिली. पोळीला दोन हात लागतात, हे खरं. पण ते एकाच बाईचे असले पाहिजेत, असं कुठे आहे?

"येडी शे का तू?" तिने हे बोलून दाखवताच तानुबाई कडाडली. "दोन बायांनी एक पोळी कधी व्हस का?" कितीतरी महिन्यांनी ती कडाडली होती. दिपमालाला रडूच आलं.

सासूच्या डाव्या अंगाला खेटून, खांद्याला खांदा लावून दिपमाला बसली. उजवा हात सासूचा, डावा तिचा. पहिल्या पोळ्या राखेत गेल्या. नंतरच्या फाटल्या, त्या नवलने दुधात कुस्करून मुकाट खाल्ल्या. तानुबाई वसवस ओरडायची, "हाताकडे नको पाहू, मना खांदा समज!" चुकता चुकता दिपमालाला ते उमगलं. सासूचा खांदा हलला की तिचा हात आपोआप उचलायला लागला. तानुबाई पोटभर जेवायला लागली.

आखाजीला अंगणात चूल पेटली, खापर चढलं. ज्योत्स्ना आली होती. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. पहिली पोळी अख्खी पडली तेव्हा शेजारच्या लताबाईने डोळ्यांना पदर लावला. "सून असावी तर अशी!"

"हाई व्हती म्हणून मी शे," तानुबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "बठ्ठं टाकीसन मनाकरता पळनी."

सगळं टाकून धावली, हे सासूच्या तोंडून ऐकून दिपमालाला चुलीत शिरावंसं वाटलं.

बाया आत आमरसाच्या पंगतीला बसल्या. चुलीपाशी दोघीच उरल्या. तानुबाईने नवा गोळा घेतला, पोळी या हातावरून त्या हातावर जायला लागली, पसरत गेली. आणि दिपमालाला ते आता आवरेनाच.

"आई, त्या सकाळी तुम्ही मला सांगितलं होतं. हात जड पडला म्हणून. मी नाटक समजले. दार लोटून फोनवर बोलत बसले. तुम्ही पडल्याचा आवाज आला, तरी उठले नाही. आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं."

तानुबाईचा हात थांबला. पोळी दोघींच्या हातांवर पसरलेली, मधोमध ओघळायला लागली. सासू हात काढून घेईल, घेऊ दे, असं दिपमालाला वाटत होतं. तानुबाईने हात काढला नाही. तिने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. पुसायला हात मोकळाच नव्हता.

"हाई मी मरस तवलोंग इसरनार नही," ती म्हणाली.

दिपमालाची मान खाली गेली, तसा हातही खाली आला.

"हात वर धर," तानुबाई म्हणाली. "पोळी फाटी जाई."

दिपमालाने हात वर धरला.