मचाणावरचं कूळ

पुष्कळ गुन्हे विसरलो, पण मादन हिप्परग्याजवळच्या ज्वारीच्या शेतातली ती संध्याकाळ काही केल्या विसरत नाही.

निजामी अमलात मी त्या ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार होतो. शिपायापासून चढलेला, कुणाच्या शिफारशीशिवाय. एके सकाळी पट्टेदाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, कारभारी खबर घेऊन आला. त्यांचं म्हातारं कूळ रोज मचाणावर राखणीला बसतं, पण महिनाभर हाळी देत नाही.

"माणूस बसतोय साहेब, पण पाखरं उठनात. तेच्या अंगावर बी बसायलीत."

म्हातारा जिवंत नाही, त्याला त्याच्या पोरानंच मारलं, अशी फिर्याद मालकानं दिली. रोजनामच्यात नोंद करून, दिवस मावळताना दोन जवानांसह निघालो.

मचाणावर घोंगडी, पटका, पाठ आमच्याकडं. हाक दिली, मान वळली नाही. वर चढून घोंगडी ओढली. आत म्हाताऱ्याची बायको होती.

"आजी, अप्पा कुठं हाय?"

तिनं मचाणाखाली बोट दाखवलं. "हितंच बसलाय."

मी चटकन खाली उतरलो. घर लिंगायताचं, त्यांच्यात मयताला बसवून पुरतात, हे उतरल्यावर ध्यानात आलं. सकाळी पंचांसमोर माती काढली. म्हातारा मांडी घालून बसलेला होता. डॉक्टरांना माराची खूण सापडली नाही.

पोराला नि म्हातारीला ठाण्यात आणलं. म्हातारीच बोलली. म्हातारा तापानं गेला होता आणि जमिनीचा कौल, म्हणजे कसायचा करार, त्याच्या हयातीपुरताच होता.

"त्यो गेला म्हनलं की रान बी गेलं. वरडले असते तर बाईचा आवाज कळला असता. मग गप बसले."

मला चीड आली ती मालकाची. सलग कसणाऱ्या कुळाचा हक्क आता वारसाकडं जातो, असा नवा कायदा झाला होता. घरच्यांना पत्ता नव्हता, मालकाला होता. म्हणून वारसच वाटेतून काढायला पोराला खुनात गुंतवायचं होतं. मालकाला ठाण्यात बोलावलं.

"मालक, खोट्या फिर्यादीचा गुन्हा नोंदवू, का तहसिलीत वारस कबूल करताय?"

तो अर्ध्या रानावर घासाघीस करायला लागला. मी टेबलावर हात आपटला. संपूर्ण रानावर कूळ म्हणून पोराचं नाव लागलं.

पुढं माझी बदली झाली आणि बढती मालकाच्या पाहुण्याला मिळाली. ते मी अजून गिळलेलं नाही. पण एक शिकलो. कुणी खुनाची खबर आणली, की मेल्याची चौकशी नंतर. त्याच्या मरणानं कुणाचं रान मोकळं होतंय, ते आधी विचारायचं.