हट्ट्याचा पस्तीस फुटी डोंगर

रजेच्या अर्जावर मी "गावाकडे काम" एवढंच लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर साहेबांनी अर्ज चारजणांना वाचून दाखवला असता. हट्टा गावाहून नसीमचा फोन आला होता. तिच्या अब्बांनी त्यांच्या जत्रेतल्या रोलर कोस्टरची उंची वाढवली होती. चार दिवसांनी ती गाडी हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत उभी राहणार होती आणि ते कुणाचंच ऐकत नव्हते. "तुझं ऐकतील," नसीम म्हणाली, "तू ये."

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझं वेड ठाऊक आहे. ओहायोत नोकरीला होते त्या सहा वर्षांत मी सुट्टीचा एकही दिवस जमिनीवर काढला नाही. तीनशे फुटी, चारशे फुटी, लाकडी, पोलादी, मिळेल त्यात बसले आणि परत आल्यावर इथे लिहून तुमचं डोकं खाल्लं. या वेळची गोष्ट मात्र पस्तीस फुटांची आहे. ती लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

नसीम माझी शाळेतली मैत्रीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे वडील हट्ट्याला पोस्टमास्तर होते आणि पोस्टाच्या मागेच तिच्या अब्बांची, म्हणजे युसूफचाचांची शेड होती. चाचा वेल्डिंगचे मिस्त्री. शिक्षण चौथी, पण जाड पाइप स्वतः वाकवून त्यांनी बावीस फूट उंचीची रुळावरची गाडी बनवली होती. जुनं डिझेल इंजिन साखळीने डबे वर ओढायचं आणि पुढे गाडी आपल्या वजनाने धावायची. वसमत, कळमनुरी, हिंगोली, जिथे जत्रा तिथे ती जायची. चाचांचा एक नेम होता. जत्रेत पहिला फेरा घरच्यांचा. स्वतःची लेकरं बसून सुखरूप उतरल्याशिवाय ते तिकीट फाडत नसत. लोक उभे राहून तो फेरा बघत आणि मगच रांग लागे. त्या पहिल्या फेऱ्यात मीही कितीदा बसले आहे, पोस्टमास्तरांची पोरगी घरचीच धरली जायची.

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परभणी गाठली. अकोल्याकडची छोटी रेल्वेलाईन मोठी करण्याचं काम चालू होतं, म्हणून तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर सध्या रस्त्याचीच तयारी ठेवा. परभणी स्टँडवरून वसमतची एसटी धरली की हट्टा वाटेत लागतं, तिकीट वीस-बावीस रुपये. पावसाळ्याने रस्त्याची चाळण केली होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं, मध्येच हळदीचे हिरवेगार पट्टे. शेजारच्या आजींनी कुठली, कुणाची, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं आणि अमेरिकेत राहून आल्याचं कळल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या की मग एवढी बारीक काहून.

शेडमागच्या मोकळ्या रानात गाडी उभी होती. लांबूनच दिसली आणि खरं सांगते, ऊर भरून आला. निळा रंग नवा दिलेला, पहिला चढ कडुलिंबाच्याही वर गेलेला. चाचा पहिल्या चढाला डोंगर म्हणत आणि त्यापुढच्या बुटक्या उंचवट्याला टेकडी. डोंगर बावीसचा पस्तीस फूट झाला होता. टेकडी होती तशीच होती, बारा फुटांची. मला हे तेव्हा दिसलं, पण उमगलं नाही.

ईद नुकतीच झाली होती. शीरखुर्म्याची वाटी हातात ठेवून ती संपायच्या आत चाचांनी मला डब्यात बसवलं, शेजारी स्वतः बसले. मांडीवर एक आडवी लोखंडी दांडी, बस. साखळी खडखडत वर गेली, डोंगर उतरला, तिथवर सगळं झकास. टेकडीच्या माथ्यावर मात्र मला कुणीतरी खालून ढकलून दिल्यासारखं झालं. मांड्या दांडीवर आपटल्या. दोन्ही हातांनी मी ती गच्च धरली नसती तर काय झालं असतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

उतरल्यावर चाचांनी विचारलं, "झालं का बराबर? तुमच्या अमेरिकेवानी?" त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी "छान झालंय, चाचा," म्हणाले. सहा वर्षांत शेकडो फेऱ्या केल्या, इतकी भित्री मी कधीच नव्हते.

स्वयंपाकघरात नसीम खिचडी आणि खट्टा वाढत होती. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ सार, तिच्या हातचं एकदा तरी खाऊन बघा. मी मात्र नुसती चिवडत बसले. तिने दार लोटलं आणि खरं काय ते विचारलं. मी सांगितलं. मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी ताट बाजूला सारलं. चाचांना पहिल्याच चाचणीत तो धक्का जाणवला होता, आणि त्यामुळेच त्यांना वाटलं की जमलं. कारण ओहायोहून मी पाठवलेल्या पत्रात, जे नसीमने त्यांना वाचून दाखवलं होतं, मी लिहिलं होतं की उंच कोस्टरची खरी गंमत म्हणजे माथ्यावर अंग सीटवरून उचलतं. एवढंच लिहिलं होतं. कसं उचलतं, किती उचलतं, त्याला काय काय केलेलं असतं, त्यातलं अक्षरही नाही. नुसती फुशारकी.

सकाळी चाचांना शेडबाहेर बसवून मी ते राहिलेलं सगळं सांगितलं. तुमच्यासाठीही लिहिते, कारण इथेसुद्धा मी आजवर फक्त आकडेच फेकत आले.

उंच कोस्टर एकाच जातीचे नसतात. मी बसले तो तीनशे फुटी कोस्टर पोलादी दोराने वर खेचला जातो. वर जाताना शेजारच्या तळ्याचं पाणी दिसत राहतं आणि भीती हळूहळू पिकते. उताराच्या तळाशी अंग इतकं जड होतं की डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो. चारशेच्या वरच्याला असा चढच नाही. उभ्या जागेवरून गाडी भिरकावली जाते, सरळ वर, माथ्यावरून सरळ खाली, घाबरायला सवडच मिळत नाही आणि अर्ध्या मिनिटात खेळ आटोपतो. कधी जोर कमी पडला तर ती माथ्यावर न पोचता मागे येते. ती मागे येऊ शकते हे धरूनच खाली ब्रेक बसवलेले असतात. लाकडी कोस्टर बुटके, पण हाडं खिळखिळी करतात. या सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी. पहिला चढ वाढला की पुढचा प्रत्येक उंचवटा नव्याने आखावा लागतो. जोरात फेकलेलं ढेकूळ हवेतून ज्या वाटेने जातं, साधारण तसा लांब, पसरट उंचवटा ठेवतात. म्हणून तिथे अंग अलगद सुटतं, झोक्याच्या टोकाला सुटतं तसं. आणि मांडीवर गच्च बसणारी दांडी प्रत्येकाला वेगळी असते, कारण मोठ्याच्या मापाला लावलेली दांडी लेकराला धरत नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की पोती बांधून वीस फेरे केलेत, एक पोतं हललं नाही. वाळूची पोती दोराने डब्याला आवळायची आणि गाडी फिरवायची, ही त्यांची तीस वर्षांची परीक्षा. मी म्हटलं, चाचा, पोती बांधलेली होती. माणूस बांधलेला नसतो. माणूस दांडी धरतोच की, ते म्हणाले, आणि आवाज चढला. शहाणपण शिकवायला एवढ्या लांबून आलीस का, असंही म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं, आगही मीच लावली होती आणि विझवायलाही मीच आले होते.

तेव्हा नसीम आत गेली आणि ज्वारीचं एक अर्धं पोतं घेऊन आली. तिची धाकटी झोया सहा वर्षांची. तिने एका हाताने झोयाला उचललं, एका हाताने पोतं, थोडी ज्वारी काढली, पुन्हा दोन्ही उचलून बघितलं. "हे झोयाएवढं हाय, अब्बा," ती म्हणाली. "न बांधता ठिवा."

चाचांनी पोतं स्वतः पहिल्या डब्यात ठेवलं, दांडी स्वतः लावली आणि इंजिन सुरू केलं. डोंगर उतरेपर्यंत पोतं जागेवर होतं. टेकडीवर ते सरळ वर उचललं गेलं, दांडीखालून निसटलं, आणि डबा पुढे गेल्यावर मोकळ्या हवेत क्षणभर एकटंच राहिलं. मग खाली पडून फुटलं.

चाचांनी इंजिन बंद केलं, तिथवर चालत गेले, खाली बसले आणि मातीतली ज्वारी मुठीने गोळा करायला लागले. आम्ही दोघीही जाऊन बसलो. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या फेऱ्याला तिला म्होरंच बसवणार व्हतो."

टेकडी नव्याने वाकवायला महिना लागला असता. डोंगर उतरवायला दोन दिवस पुरले. चाचांनी खांब कापले आणि नवा रंग तसाच राहिला, तुकड्यातुकड्यांत. तिसऱ्या दिवशी दोन ट्रक भरून सामान औंढ्यावरून हिंगोलीला निघालं. वाट वाकडी करून सिद्धेश्वरला जेवायला थांबलो. धरणाजवळ ताजा मासा तळून देतात, भाकरीबरोबर तीस रुपयांत पोटभर, जरूर थांबा. चाचांनी ताटाला हात लावला नाही. पाण्याकडे बघत बसले. मी माफी मागितली, पत्राबद्दल. ते म्हणाले की पत्र चांगलं होतं, त्यांनी ते नसीमकडून चारदा वाचून घेतलं होतं. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

हिंगोलीत मैदान भरलं होतं. आकाशपाळणे, बांगड्यांची दुकानं, भज्यांचा वास, धूळ. गाडी उभी राहिली, बावीस फुटांची, पूर्वीसारखीच. चाचांनी सुटी पोती ठेवून दहा फेरे केले, एकही हललं नाही. लोक जमले आणि घरच्यांच्या फेऱ्याची वाट बघू लागले. चाचांनी झोयाला आणि तिच्या बहिणीला बसवलंच नाही. डबे रिकामेच ठेवून तिकिटाच्या टेबलामागे उभे राहिले. मी जवळ जाऊन विचारलं. त्यांनी मान हलवली. आता माझा माझ्यावर भरोसा न्हाई, म्हणाले.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. मिस्त्री आपली लेकरं बसवत नाही म्हटल्यावर गर्दी मागे सरकायला लागली. कुणीतरी मागून हिंदीत विचारलं, कुछ गड़बड़ है क्या. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांनी पोरं बसवली, तो माणूस मान खाली घालून उभा होता, आणि ते मला बघवेना.

नसीमने दोन्ही मुलींचे हात धरले. बापाला काही विचारलं नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. सरळ पहिल्या डब्यात जाऊन बसली, एकीला डावीकडे, एकीला उजवीकडे. मी मागच्या डब्यात चढले. चाचा आले. प्रत्येक दांडी त्यांनी दोनदा ओढून बघितली आणि तोंड फिरवून इंजिनकडे गेले.

चारशे फुटांवरून सरळ खाली आले तेव्हा मी ओरडले होते, हसले होते. इथे मी दांडी दोन्ही हातांनी धरून बसले. टेकडी आली तेव्हा मी समोरच्या दोन वेण्यांकडे बघत होते. अंग किंचित हलकं झालं आणि परत सीटवर टेकलं. झोया खिदळली. खाली आलो तेव्हा रांग लागायला सुरुवात झाली होती.

येताना नांदेडवरून आले. पुण्यात परतून आठवडा झाला, ऑफिसात सगळे विचारतात की गावाकडचं काम झालं का. इथल्या जुन्या पोस्ट मी एकेक करून दुरुस्त करते आहे. जिथे नुसतं "अंग उचलतं" लिहिलंय, तिथे पुढचंही लिहिते. वाचायला कंटाळवाणं होतंय, चालेल.

परवा नसीमला फोन केला. चाचा जेवतात, जत्रा चांगली चालली आहे, पण उंचीचा विषय काढत नाहीत, म्हणाली. मी तिला विचारलं की त्या दिवशी पोरींना घेऊन बसताना भीती नाही वाटली का.

"वाटली की," ती म्हणाली. "पण अब्बांनी स्वतःच्या हातानं उतरवलेला डोंगर व्हता तो. चढवलेल्यावर म्या बसले नसते."