कांद्याचा कप्पा आणि आमचे सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आईवडिलांच्या खालोखाल मी एकाच माणसाकडे बोट दाखवतो: मी नोकरीला लागलो तेव्हा मला सर्व्हर सांभाळायला शिकवणारे आमचे सर. संगणकाला डोळे नसतात पण कान असतात, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांच्या टेबलावर माऊस होता, पण तो पायमोज्यात घालून ठेवलेला. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, एवढंच त्यांना मान्य. एकदा मी माऊसनं काहीतरी उघडायला गेलो तर म्हणाले, "सायखेडकर, बोट दाखवून मागायचं वय गेलं आपलं. बोलता येतं ना? मग नाव घेऊन माग." मी सायखेड्याचा, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायमचा सायखेडकर झालो. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. पुढे दुसऱ्या कुणी माझ्या खऱ्या आडनावानं हाक मारली तरी मी वळून बघेनासा झालो.

बोलणंही त्यांचं कमांडसारखंच. खालच्या टपरीवर फोन करून "चहा, दोन, एक बिनसाखरेचा, दुसरा मजला, लगेच," एवढं म्हणून ते फोन ठेवून देत. टपरीवाले एकदा स्वतःच चहा घेऊन वर आले आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमचे साहेब आधी तार हापिसात व्हते का हो?" काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा तक्रार करत होत्या, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण डबा हातात दिला की हे अजून म्हणतात, आधी यादी सांग. अहो, उघडा आणि बघा की!" सर शांतपणे म्हणाले, "काय आहे ते माहीत नसताना उघडू नये."

आमच्या ऑफिसात तेव्हा धड एकच सर्व्हर होता आणि गिऱ्हाईकं सात-आठ. प्रत्येकाची वेबसाइट त्या एकाच यंत्राच्या पोटात वेगळी कोंडून ठेवलेली, म्हणजे एक कोलमडली तरी बाकीच्यांना धक्का नको. या व्यवस्थेला इंग्रजीत भारदस्त नाव होतं, सर मात्र 'कप्पे' म्हणत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "तुमच्याकडे एक्स्पोर्टची द्राक्षं भरतात ना? प्रत्येक घड वेगळ्या पिशवीत, सगळ्या पिशव्या एका पेटीत. एक घड नासला तरी पेटी वाचते. झालं, एवढंच आहे हे." चार वर्षं इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत डोकं खुपसून जे उमगलं नव्हतं ते मला अर्ध्या मिनिटात कळलं. रोज सकाळी आल्या आल्या ते चालू कप्प्यांची यादी काढत आणि घरच्या माणसांची चौकशी करावी तसं पुटपुटत, "द्राक्षं जागी आहेत. वधू-वर ठीक. क्लासवाले ठीक. कांदा... अरे, कांदा का झोपलाय?" कांदा म्हणजे लासलगावचे एक व्यापारी. सकाळच्या लिलावाचे भाव ते वेबसाइटवर टाकत आणि बाहेरगावचे खरेदीदार ते बघून गाड्या पाठवत.

पण सरांची खरी खूण होती ती मोठ्यानं वाचण्याची. कप्पा बंद करायची किंवा पुसायची कमांड टाइप झाली की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचं: मी कोण, कुठल्या कप्प्यावर, काय करतोय. मगच एंटर. सरांचे वडील मनमाडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. तिथे फोनवर आलेला निरोप जसाच्या तसा परत वाचून दाखवल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नसे. "वाचून दाखवल्यानं आमच्या वडिलांच्या हातून एक गाडी चुकली नाही, माझ्या हातून एक कप्पा," हे वाक्य ते नवीन आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. एवढा एकच अभिमान त्यांना होता.

माझी नोकरी पक्की व्हायला चार दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट. कांद्याच्या कप्प्याची एक नक्कल मी शिकण्यासाठी केली होती, 'कांदा-दोन' नावाची. ती पुसायची होती. सर चहाला खाली गेले होते आणि माझ्या मागे पुण्याहून आलेले दोन पाहुणे बसले होते, चांगल्या कपड्यातले, फाडफाड इंग्रजी बोलणारे. त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं पाठ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी गप्प टाइप केलं आणि एंटर दाबलं. 'दोन' लिहायचंच राहिलं होतं.

दहाव्या मिनिटाला लासलगावहून फोन आला. "ओ साहेब, भाव कुठं गायब झाले? सकाळधरनं टाकलेलं काहीच दिसत नाय. लोकं लय बोंबलून राहिलेत!" तेवढ्यात सर वर आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग पडद्यावरची शेवटची कमांड पाहिली. आदल्या दिवसाच्या बॅकअपवरून त्यांनी कप्पा नव्यानं उभा केला, व्यापाऱ्यांना फोन लावला आणि सकाळचे भाव एकेक ऐकून, परत वाचून दाखवून स्वतः भरले. सगळं होईस्तोवर दोन तास गेले. मग ऑफिसचे मालक आपल्या खोलीतून बाहेर आले.

"कुणाच्या हातून झालं?"

"माझ्या," सर म्हणाले.

"तुमच्या? मोठ्यानं वाचलं नव्हतं?"

"नव्हतं."

मी उभा होतो, तोंड उघडलंही होतं. सरांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "सायखेडकर, बॅकअपची नोंद केली का?" मी खाली बसलो.

पुण्याला ऑफिसचा नवा मोठा सर्व्हर बसणार होता. तो सरांकडे जाणार हे ठरल्यासारखं होतं. तो दुसऱ्या कुणाकडे गेला. माझी मात्र नोकरी पक्की झाल्याची ऑर्डर निघाली. मी सरांना म्हटलं, "मी मालकांना सांगतो." ते म्हणाले, "घरात पहिला शिकलेला तू. पाय रोवू दे आधी, मग बघू." पाय रोवले, बढती झाली, 'मग' काही आलं नाही. सर निवृत्त होऊन मनमाडला गेले. नवीन पोरांना ते वाक्य ऐकवणं त्यांनी त्या दिवसापासूनच सोडलं होतं, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

परवा मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थस्वरूप सरांस,

सा. न. वि. वि.

काल ऑफिसात नव्या मुलांसमोर बोलताना मालक हसत म्हणाले, "आमच्या त्या जुन्या सरांनीसुद्धा एकदा अख्खा कांदा उडवला होता." सगळे हसले. मी उभा राहिलो आणि सांगितलं की तो मी उडवला होता, सरांच्या हातून एकही कप्पा कधी गेला नाही. मालक म्हणाले, "आणि मी पुण्याचं काम त्यांना दिलं नाही." ते तुम्हाला फोन करणार आहेत. कृपा करून उचला.

तुम्ही माझ्यावर रागवाल, हे मला ठाऊक आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, तेव्हा रागवा. वडिलांनाही आणतो आहे. त्यांना अजून वाटतं की माझी नोकरी माझ्या हुशारीवर टिकली. ते गावभर तसं सांगतात. मला त्यांना खरं काय ते तुमच्या घरी, तुमच्यासमोर सांगायचं आहे.

काकूंना नमस्कार.

आपला,
सायखेडकर