बुक्कीने फोडलेला कांदा

काकांची शेतावरची कांदा साठवायची चाळ भरली की पहिली गोणी नाशिकला आमच्याकडे यायची, आणि गोणीबरोबर देवळ्याहून काका. हातपाय धुऊन ते वडिलांसमोर जेवायला बसत, एक कांदा बुक्कीने फोडत आणि मोठा तुकडा थोरल्या भावाच्या, म्हणजे वडिलांच्या, ताटात ठेवत. त्याआधी आमच्या घरात कुणी नव्या कांद्याला हात लावायचं नाही.

वडील निवृत्त शिक्षक. अणुबॉम्ब आणि अणुवीज ही एकाच आईची लेकरं, हे त्यांचं ठाम मत. हिरोशिमा दिनाच्या शांतता फेरीत भर पावसात फलक धरून सगळ्यांच्या पुढे. काका म्हणायचे, "अणुवीज नको, कोळसाही नको. मग विहिरीवरची मोटर कशावर चालवू, दादा?" वाद कडाक्याचा व्हायचा, पण जेवण सोबत. मला दोघांचंही पटायचं, म्हणून मी मुकाट्याने भाकऱ्या थापायचे.

पुढे ऊन बेताल झालं, अवकाळी पाऊस तर कधीही. चाळीतला निम्मा कांदा सडून आणि कोंब फुटून वाया जाऊ लागला. एका वर्षी काकांनी थोडा माल विकिरण केंद्रात नेऊन त्यावर किरणोत्सारी कोबाल्टचे किरण मारून घेतले, आणि आमची गोणी त्यातलीच आणली. कांदा हातात घेऊन आधी तसं सांगितलंही. लपवाछपवी त्यांना कधी जमली नाही.

"कांदाले कोंब येत नही, इतलंच शे."

वडिलांनी ताट बाजूला सारलं. "आयुष्यभर ज्याच्या विरोधात बोललो, तेच माझ्या ताटात वाढतोस?"

काकांनी कांदा खाली ठेवला आणि ते न जेवता उठले. जगाला शांती शिकवणाऱ्या माणसाला भावाशी सबुरीने बोलता येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

ती गोणी गॅलरीत पडून राहिली. दिवाळी आली तरी एकालाही कोंब नव्हता. वडील येता-जाता तिच्याकडे बघायचे. शेवटी त्यांनी फोन केला, तर काकूंनी उचलला. काका शेतात गेले होते. त्यानंतर जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा काका शेतातच होते.

गोणी मात्र दरवर्षी येते, टेम्पोवाल्याच्या हाती. सोबत निरोप असतो, "याला किरण मारलेले नाहीत. दादांनी निर्धास्त खावं."

त्या दिवशी वडील मला समोर दुसरं ताट मांडायला लावतात. बुक्कीत आता जोर नाही, कांदा फुटता फुटत नाही. फुटला की मोठा तुकडा ते समोरच्या ताटात ठेवतात आणि लहान आपण खातात. जेवणं झाली की ते ताट मी उचलते.