सूर्यास्तानंतरची गोळी

“एवढा काडीगत माणूस, आन् काळजाला चरबी? मशीनच बिघडलं असंल.”

अप्पांनी मघाशी सांगितलेला आजार ऐकून आमच्या मागच्या बाकावरच्या बाई शेजारणीच्या कानात बोलल्या, पण अख्ख्या वेटिंगरूमला ऐकू गेलं. मी मान खाली घालून मांडीवरच्या फाइलकडे बघत राहिले. अप्पा मात्र हसत मागे वळले.

“मशीन बरोबर हाय ओ आक्का. मी मोटरी दुरुस्त करतो. आतलं गिरीस बाहेरनं दिसत न्हाय.”

अप्पा म्हणजे माझे वडील. कसबा बावड्याला त्यांचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. हृदयाचे ठोके तालात पडत नाहीत हे कळलं, तेव्हा त्यांनी मनगटावर अंगठा ठेवून, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “मिसिंग हाय खरं. इंजिनाचा ठोका चुकतो तसं.” डॉक्टरांनी सकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची. स्कॅनमध्ये हृदयाभोवती चरबीचा थर दिसला होता. ही चरबी ठोक्यांना त्रास देत असावी, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं ती थोडी उतरतेही, पण उतरेलच असं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं ते म्हणाले होते.

घरी इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम माझं. मी वाचते, सोपं करून सांगते आणि गप्प होते. पाहुण्यांसमोरसुद्धा माझ्या तोंडून दोन वाक्यांच्या वर निघत नाही. अप्पा म्हणतात, “हिला शाळेत इंग्रजी शिकवलं, बोलायचं राहूनच गेलं.”

आई दर रविवारी रात्रीच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी भरायची आणि पुढच्या रविवारी ती रिकामी असायची. जेवण झालं की अप्पा गोळी घेत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. मग गेल्या महिन्यात मी दुकानात एक वॉशर शोधत होते. भिंतीवरच्या रॅकला छोटे छोटे खण आहेत, नटांचे, बोल्टांचे. खालच्या ओळीतला एक ओढला तर आत पांढऱ्या गोळ्या. मूठभर नव्हे, खण भरून.

“सूर्य मावळल्यावर मी तोंडात पाणी घेत न्हाय, तुला ठावं हाय की,” अप्पा म्हणाले. आम्ही जैन. गेल्या चातुर्मासात महाराजांसमोर त्यांनी तो नियम घेतला होता आणि आमचं जेवण तेव्हापासून साडेपाचला होतं. “पाण्याबिगर गोळी कशी गिळायची?”

“मग डॉक्टरांना सांगायचं ना.”

“त्यांनी रात्री म्हटलंय म्हंजे रात्रीच असणार. एवढ्या शिकल्या माणसाला आपण उलटं कसं बोलायचं? आन् आईला सांगू नको. बिचारी डबी भरती, तिला वाईट वाटंल.” मग हातातला स्पॅनर खाली ठेवून त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला. लाच होती ती, आणि मी खाल्ली.

आज सहा महिन्यांनंतरच्या तपासणीला आलो होतो. आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी नवा स्कॅन जुन्याशेजारी लावून बघितला.

“चरबी होती तेवढीच आहे. कोलेस्टेरॉलही हललेलं नाही. गोळ्या वेळेवर घेता ना, काका?”

“डबी रिकामी हुती की दर आठवड्याला,” अप्पा म्हणाले. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा नियम आहे, म्हणून त्यांनी वाक्य असं जपून निवडलं. मला हसू आलं.

“मग हा डोस तुम्हाला पुरत नाही,” डॉक्टरांनी पेन उचललं. “दुप्पट करू. पाय दुखले, अंग मोडून आलं तर मात्र लगेच कळवा.”

अप्पांनी मान डोलावली. दुप्पट गोळ्याही त्याच खणात जाणार होत्या. सहा महिन्यांनी हेच डॉक्टर आणखी जड औषध लिहिणार, आणि ते हृदय तसंच अडखळत राहणार. टेबलाखाली अप्पांनी माझ्या चपलेवर हळूच पाय ठेवला. बोलू नको, असा.

मी पाय काढून घेतला. फाइल टेबलावर ठेवली.

“सर, डोस वाढवू नका. अप्पांनी ही गोळी एकदाही घेतलेली नाही. सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा पीत नाहीत. साडेपाचला, जेवणाबरोबर दिली तर चालेल का?”