काटेरी शेपटीची

सासूबाई केरसुणी उगारून भिंतीसमोर उभ्या होत्या. "काल दुधात पडली ती हीच पाल!"

"आई, ती पिवळ्या पोटाची, गुळगुळीत होती. हिच्या शेपटीवर बारीक काटे आहेत, बघा तरी."

"पाल ती पाल!"

या घरात सुना त्या सुनाच. आमटी खारट कुणाचीही होवो, बोलणी मला आणि जाऊबाईंना मिळून. वेगळेपण दिसायला जवळ जावं लागतं. केरसुणी लांबूनही पोचते.

एरवी मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी. पण आज केरसुणी हिसकावून घेतली. "ही इथेच राहील. आणि यापुढे आमटी कुणी केली ते विचारून मगच बोलायचं!"

भिंतीवर पाल चुकचुकली. सासूबाई सवयीनं पुटपुटल्या, "कृष्ण, कृष्ण." आणि चष्मा लावून तिची शेपटी बघू लागल्या.