लाल फितीमागे

मी आयुष्यात एकदाच पहिला आलो. तिथे शर्यत नव्हती, हे मला जरा उशिरा कळलं.

मी तसा रस्त्यावरचा धावपटू. सांगवीत राहतो, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो. डांबरी रस्त्याचं एक बरं असतं. पाऊल कुठे टाकायचं याचा विचार करावा लागत नाही, आणि रोजच्या सरावाने खड्डेसुद्धा ओळखीचे होतात. पण कंपनीतला संतोष मागे लागला. "रोडवर काय, कोणीही पळतं राव. एकदा डोंगरात ये." त्याने ट्रेल रनमध्ये परस्पर माझं नाव घातलं. दहा किलोमीटर, डोंगरवाटेने. आणि डोंगर नेमका निघाला चाकणच्या पलीकडचा, माझ्या सासुरवाडीच्या मागचा.

त्यामुळे आदल्या दिवशी मुक्काम सासरी. सासरे, म्हणजे आप्पा, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. माणसाची किंमत ते त्याच्या नावावरच्या जमिनीवरून करतात, आणि माझ्या नावावर फक्त फ्लॅट आहे, तोही गळका. ते मला वाईट कधी बोलत नाहीत. फक्त माझ्याबद्दलचे प्रश्न माझ्यासमोर वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला विचारतात.

"डोंगरात कशापायी पळायचं?" त्यांनी वैशालीला विचारलं.

"व्यायाम म्हणून," मी म्हणालो.

"मागं कुनी लागलंय का ह्यांच्या?" त्यांनी पुन्हा वैशालीलाच विचारलं.

सकाळी दोघेही मला सोडायला आले. चड्डीला खिसा नव्हता, म्हणून फोन वैशालीकडे दिला. संतोषने एकच सूचना केली, "लाल फीत बांधलेली दिसेल, त्या बाजूला जायचं. फीत सोडू नको." मी ती मंत्रासारखी पाठ केली.

सुरुवातीचा रस्ता सपाट होता, तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होतो. आप्पांनी हे पाहिलं असावं अशी माझी आशा आहे. मग रस्ता संपला आणि दगड सुरू झाले. ज्या दगडावर पाय ठेवावा तो हलायचा, आणि जो हलत नव्हता त्याच्यावर अंगठा आपटायचा. मागून एकेक जण येऊन "काका, जरा साइड" म्हणत पुढे गेला. संतोष "पुढे भेटू" म्हणाला. ओढा ओलांडताना मी चिखलात बसलो (बसायचं ठरवलं नव्हतं), आणि चष्मा पुसून उठेपर्यंत आजूबाजूला माणूस उरला नव्हता.

पण फीत होती. एका ठिकाणी वाट फुटत होती, तिथे उजवीकडे लाल फीत दिसली. पुढे तर एका बाभळीपासून चार-चार पावलांवर खुंट्या आणि त्यांना फिती. आयोजकांचं मला कौतुक वाटलं. मग फीत काटकोनात वळली. मीही वळलो. पुन्हा वळली, पुन्हा वळली, आणि मी पहिल्याच बाभळीपाशी आलो. मी थोडा वेळ त्या बाभळीकडे बघितलं. डोंगरात फेऱ्या मारायच्या असतात हे संतोष सांगायला विसरला असेल, असा विचार करून मी आणखी एक फेरी मारली.

तेवढ्यात पलीकडे मांडव दिसला. लाउडस्पीकरवर सनई, टेबलावर पोहे, आणि पांढऱ्या कपड्यातला, गॉगल घातलेला एक तरुण हात जोडून उभा.

"या साहेब, या. आज तुम्हीच पहिले."

"पहिला? मी?"

"तुमच्याआधी कोणीच आलं नाही."

इतके जण माझ्यासमोर पुढे गेले होते. मग लक्षात आलं की ते सगळे रस्ता चुकले असणार. मी छाती काढून उभा राहिलो. पोह्यांची प्लेट हातात देऊन त्याने विचारलं, "किती, साहेब?"

"दहा," मी म्हणालो.

त्याने गॉगल काढला. "एकदम दहा?"

"एकवीसचा विचार होता, पण बायको म्हणाली एवढ्यात नको."

"वहिनींना विचारलेलं बरंच असतं," तो हळू आवाजात म्हणाला. मग माझ्या छातीवरच्या नंबरकडे बघून, "नंबरपण ठरवूनच आलात?"

"नाही, त्यांनीच दिला."

"वरूनच सेटिंग आहे म्हणजे," तो मागच्या माणसाला म्हणाला आणि मला खुर्ची दिली. "आधी कधी केलंय का साहेब?"

"रोडवरच. इतकी वर्षं रोड सोडून कुठे गेलो नाही."

"रोड टचची सवय झाली की आतलं नको वाटतं. पण साहेब, लिहून ठेवा, हाच भाग आता वर जाणार."

मी समोरच्या डोंगराकडे बघितलं. माझे गुडघे दुखायला लागले. "अजून वर? किती?"

"दोन-तीन वर्षांत बघा तुम्ही."

"मला आजच पोचायचंय हो," मी म्हणालो.

यावर तो एवढा खूश झाला की त्याने शाल मागवली. माझ्या चिखलावरून शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि मागे फलक आहे अशा जागी उभं करून फोटो काढला. फलक माझ्या पाठीमागे असल्यामुळे मी तो वाचला नाही. "इकडं कोणी पाहुणे?" त्याने विचारलं. मी आप्पांचं नाव सांगितलं. "आमच्या आप्पांचे जावई? अहो, आधी सांगायचं ना!" त्याने तिथल्या तिथे फोटो आप्पांच्या फोनवर पाठवला, आप्पा आत्ता कुठे आहेत ते विचारून घेतलं आणि मला जीपमध्ये बसवलं. मी समजलो, बक्षीस समारंभाला नेतायत.

इकडे शेवटच्या रेषेपाशी सगळे परत येऊन बराच वेळ झाला होता. मी सोडून. संतोष दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन माझ्या नावाने हाका मारून आला होता. वैशाली माझा फोन छातीशी धरून उभी होती. मी जीपमधून शाल-नारळासकट उतरलो तेव्हा संतोषने फक्त "अरे" एवढंच म्हटलं. वैशालीचे डोळे लाल होते. मी म्हणालो, "पहिला आलो." ती वळली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

आप्पांनी मात्र स्वतः पुढचं दार उघडलं. "बसा, जावईबापू." लग्नानंतर पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलत होते. मी बसलो. गाडी निघाली.

"मानसानं गाजावाजा करू नये, ही चांगली गोष्ट हाय," आप्पा म्हणाले. "पर घरात तरी सांगायचं. धा गुंठं म्हंजे काय थोडं झालं?"

"दहा काय?"

"गुंठं. प्लॉटिंगवाल्यानं फोटो धाडलाय ना मला, खाली 'धा गुंठं' लिवून."

मागून वैशालीचा आवाज आला. "गच्चीचं गळणं पुढच्या वर्षी बघू म्हणालात. पातेली लावून झोपतोय आपण. आणि इथे दहा गुंठे?"

आप्पांनी फोन पुढे केला. फोटोत मी शाल पांघरून हसत होतो, आणि डोक्यामागे फलक होता: 'आमचे पहिले मानाचे ग्राहक'. तेव्हा कुठे त्या खुंट्या, ती बाभूळ, त्या दोन फेऱ्या, सगळं एकदम समजलं. मी कोणाच्या तरी प्लॉटभोवती धावत होतो. एक मिनिट गप्प राहावं असं फार वाटलं, कारण आप्पा अजून माझ्याकडेच बघत होते. पण मागून वैशाली नाक ओढत होती. मी सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"म्हंजे जमीन घेतली न्हाई."

"नाही."

"आन्‌ शर्यतबी पुरी केली न्हाई."

"ओढ्यापर्यंत पळालो होतो."

"मंग सकाळधरनं तुमी केलं काय?"

मी खरंच विचार केला. मग मांडीवरचा नारळ त्यांच्यापुढे धरला. मागून वैशालीचं हसू फुटलं. बराच वेळ तिला ते आवरेना. मग डोळे पुसत ती म्हणाली, "आप्पा, ह्यांना मागे पाठवा. मी पुढे येते."

मी उतरलो. मागच्या दारापर्यंत मात्र झकास धावत गेलो. तिथे डांबर होतं.